सुई टोचण्याआधी मला सांगा

"थायरॉईडला गाठ आहे, एफएनएसी करून घ्या," एवढं बोलून डॉक्टरांनी पुढच्या पेशंटला आत बोलावलं. माझं डोकंच चालेना. एफएनएसी म्हणजे बारीक सुईने गाठीतल्या पेशी काढून तपासायच्या, हे शांती नगरला घरी येताना रिक्षात नवऱ्याने मोबाईलवर वाचून दाखवलं. कॅन्सर हा शब्द त्याने गाळला. मी त्याच्या खांद्यावरून वाचला.

सुई थेट गळ्यात! पहिल्या सेंटरमधले डॉक्टर म्हणाले, "काही नाही हो मावशी, मुंगी चावल्यासारखं वाटेल. गिळू नका, बोलू नका." मुंगी कसली, जीव गेला माझा. वर सुई आत असतानाच ते सिस्टरला म्हणतायत, "अरे, सिर्फ ब्लड आ रहा है." मला वाटलं शीर फुटली, संपलं. बोलायची बंदी, विचारणार कशी? घाबरून आवंढा गिळला आणि डोळ्यांपुढे अंधारी आली.

रिपोर्टमध्ये लिहिलं होतं, सॅम्पल अपुरं, पुन्हा करा. म्हटलं, राहू दे ती गाठ, मी मेले तरी जाणार नाही. नवरा रोज विनवायचा, मी रोज भांडायचे.

शेवटी भाईंदर पश्चिमेला एका डॉक्टरबाईंकडे तयार झाले. त्यांनी आधी सगळं समजावलं. "दुखेल, पण थोडा वेळ. सुईत रक्त येतंच. नको वाटलं तर बोट वर करा, मी थांबेन." मग एकेक सांगत गेल्या, आता टोचतेय, आता दाब येईल, झालं.

बोट वर करावंच लागलं नाही. मान तीच, सुई तसलीच, मग कमी का दुखलं? पहिल्यांदा मी उगाच तमाशा केला का? नाही हो, दुखलंच होतं. मला अजून उलगडा होत नाही. पण तुमच्यावर वेळ आली, तर आधी विचारून घ्या, लाजू नका.

रिपोर्टच्या दिवशी नवरा माझ्याआधी आत घुसला. दार उघडंच होतं. "मॅडम, तिला सांगू नका, ती हाय खाईल."

"गाठ त्यांच्या गळ्यात आहे. त्यांनाच सांगणार," म्हणत बाईंनी मला बोलावलं. "कॅन्सर आहे. ऑपरेशन करावं लागेल. या प्रकारात बहुतेक पेशंट बरे होतात."

मी खूप रडले. मग डोळे पुसून विचारलं, "ऑपरेशनमध्ये काय काय होणार, तेही सांगाल?"

"सांगते. तुम्हीही बसा, ऐका," त्या नवऱ्याला म्हणाल्या. मी त्याचा हात धरून त्याला शेजारच्या खुर्चीत बसवलं; हाय त्यानेच खाल्ली होती.