मोहरी कुठे आहे हे माहीत नसलेलं वर्ष

माझ्या आयुष्यातलं सगळ्यात सुखाचं वर्ष मी आयर्लंडमध्ये काढलं, आणि तेही जगभर लोक मरत होते तेव्हा. हे मी आजवर कुणाला बोलून दाखवलेलं नाही. डॉक्टर बाईने तर असलं काही मनातसुद्धा आणू नये. पण आहे ते आहे. दोन हजार वीसच्या जुलैपासून एकवीसच्या जुलैपर्यंत मी एनिस नावाच्या गावात एकटी राहत होते, तिथल्या हॉस्पिटलात काम करत होते, आणि स्वतःच्या घरातली मोहरी कुठे ठेवली आहे हे मला माहीत नव्हतं.

थोडं मागचं सांगायला हवं. पुण्यात मी एका हॉस्पिटलात डॉक्टर होते. नवऱ्याला डब्लिनला आयटीतली नोकरी मिळाली आणि मी राजीनामा देऊन त्याच्यामागून आले. सगळे म्हणाले, हेच प्रॅक्टिकल आहे. मीही म्हणाले. मग मुलगी झाली, मग इथल्या परीक्षा दिल्या, त्या पास झाले, आणि मग प्रत्येक मुलाखतीत हसून विचारायचे की मधली वर्षं काय करत होतात? मधली वर्षं मी डब्लिनजवळ, ल्यूकनच्या भाड्याच्या घरात आणि मग ॲडम्सटाउनच्या स्वतःच्या घरात डबे भरत होते. हे उत्तर मुलाखतीत चालत नाही. शेवटी एनिसच्या हॉस्पिटलाने मला घेतलं. घरापासून गाडीने अडीच तास. ठरलं असं की मुलीला नवरा सांभाळेल आणि मी सुट्टीला येईन-जाईन.

कॉलेजात असताना मी वक्तृत्व स्पर्धा गाजवायचे. ‘स्त्रीमुक्ती : किती खरी, किती खोटी’ या विषयावर मी टेबल बडवून बोलले होते आणि पहिली आले होते. बक्षीस म्हणून लेमन सेट मिळाला. आईने तो खोकंसुद्धा न फोडता माझ्या लग्नासाठी माळ्यावर ठेवला. भाषणातलं आता काही आठवत नाही, फक्त एवढं आठवतं की माझ्या भाषणात शत्रू फार स्पष्ट होता. दारुडा नवरा, खाष्ट सासू, हुंडा मागणारा सासरा. माझ्या घरात यातलं कुणीही नाही. नवरा दारू पीत नाही, आवाज चढवत नाही, भांडी घासतो. तर मग भांडायचं कुणाशी? आपलेच दात आणि आपलेच ओठ.

एनिसला मी एका म्हाताऱ्या आयरिश बाईंच्या घरामागची खोली घेतली. वेगळं दार, एक खिडकी, एक शेगडी, एक पातेलं. कामावर दिवस वाईट असायचे. कित्येक माणसं आपल्या माणसांना न बघता गेली, आणि मी त्यांच्या कानाशी घरच्यांचा व्हिडिओ कॉल लावलेला टॅबलेट धरून उभी राहिले. ते मी विसरणार नाही, आणि त्याबद्दल इथे जास्त लिहिणारही नाही. पण खोलीवर आले, आंघोळ केली, पिठलं-भात केला आणि पातेल्यातूनच खाल्ला की छातीत काहीतरी सैल व्हायचं. भाजी कुठली करायची, असं कुणी विचारत नव्हतं. एकदा सलग तीन दिवस पिठलंच खाल्लं. चौथ्या दिवशीही खाल्लं, कारण मला हवं होतं. दुपारची सुट्टी असली तर मी नदीकाठाने चालून यायचे, पाय रेडिएटरवर टाकून बसायचे आणि स्वतःशी मोठ्याने मराठीत बोलायचे. मुलीची आठवण यायची, खूप यायची, व्हिडिओवर तिचं पडलेले दात दाखवणं बघून रडूही यायचं. तरी मी सुखी होते. दोन्ही एका वेळी होतं, आणि हे कुणाला पटवत बसण्याची माझी इच्छा नाही.

संसर्ग घरात न्यायची भीती होती, म्हणून घरी जाणं कमीच व्हायचं. पहिल्यांदा गेले तेव्हा स्वयंपाकघरात पाऊल टाकलं आणि थबकले. इथे भिंतीतल्या कपाटाला प्रेस म्हणतात, आणि आमच्या घरातही सगळे तेच म्हणतात. तर माझ्या प्रेसमध्ये माझं काहीच नव्हतं. नवऱ्याने सगळे मसाले जॅमच्या रिकाम्या बरण्यांत भरून, त्यांवर मराठी नावांची इंग्रजी अक्षरांत लेबलं लावून, एबीसीडीप्रमाणे ओळीने मांडले होते. आयटीतला माणूस. पण मोहरी, मेथी, मिरे, मिरची पूड, मीठ आणि मसाला हे सगळेच एममध्ये आले. एमच्या खणात मुंबईइतकी गर्दी आणि बाकीच्या खणांत एकेकटी हळद नि वेलची.

मी फोडणीला तेल टाकून मोहरी शोधत राहिले. तेल धुरावलं.

“अगं एममध्ये बघ ना,” तो म्हणाला.

“सगळंच एममध्ये आहे!”

“तुझ्याच घरात पाहुणी झालीस की तू,” म्हणत तो हसला आणि हात घालून नेमकी बरणी काढून दिली.

त्याने ते चेष्टेने म्हटलं. मला काय वाटलं ते सांगू? मला आनंदाने ओरडावंसं वाटलं. लग्नाला दहा वर्षं झाल्यावर पहिल्यांदा या घरातली मोहरी दुसऱ्या कुणाच्या डोक्यात होती. माझ्या डोक्यात तेवढी जागा रिकामी झाली होती. त्या क्षणी मला वाटलं, स्त्रीमुक्ती म्हणजे बहुतेक हीच. टेबल बडवायची गरज नाही. मोहरी कुठे आहे हे माहीत नसलं पाहिजे, आणि तरी घरात फोडणी झाली पाहिजे.

नवऱ्याने ते वर्ष खरंच निभावलं, त्याचं श्रेय मी काढून घेणार नाही. सांगलीला राहणाऱ्या सासूबाई रोज व्हिडिओवर येऊन त्याला आमटी शिकवायच्या. पण कौतुक! कौतुकाला नुसता ऊत आला. शाळेच्या फाटकापाशी आया माझ्या मुलीला म्हणायच्या, तुझे डॅड म्हणजे संत आहेत. कॉलनीतल्या मराठी ग्रुपवर त्याच्या पोळ्यांचे फोटो फिरायचे, त्याखाली टाळ्यांची रांग लागायची. त्याच्या आधीची सहा वर्षं मी हेच करत होते. माझ्या पोळ्यांचा फोटो कुणी काढला नव्हता. आणि सासूबाई मला फोनवर म्हणायच्या, “पोर किती वाळलंय बघ की गं. पण तोंडातनं एक शब्द काढत नाही हो.” तोंड दाबून बुक्क्यांचा मार. त्याचं प्रत्येक कौतुक माझ्या खात्यावर उपकार म्हणून चढत होतं.

एकवीसच्या वसंतात मला त्याच भागात जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टर, होण्याच्या प्रशिक्षणाची जागा मिळाली. चार वर्षं पुरी केली की मी स्वतंत्र डॉक्टर. मग सहा-सहा महिन्यांच्या करारांसाठी पदर पसरायला नको, मधली वर्षं काय केलीत याची उत्तरं द्यायला नकोत. जागा सहजासहजी मिळत नाही. हो की नाही, ते काही आठवड्यांत कळवायचं होतं.

मी नवऱ्याला फोन केला. तो मनापासून खूश झाला. “ग्रेट! अभिनंदन! आता तू ठरव. तुझा निर्णय आहे, मी तुझ्या पाठीशी आहे.”

मी म्हणाले, “तुम्ही दोघं इकडे आलात तर? तुझं ऑफिस तर वर्षभर लॅपटॉपमध्येच आहे.”

तो प्रेमाने, अगदी प्रेमाने म्हणाला, “अगं घर, हिची शाळा, मैत्रिणी, सगळं सोडून? थोडं प्रॅक्टिकल हो ना.”

पुण्याची नोकरी, आईवडील, मैत्रिणी सोडून मी आले होते तेव्हा ते प्रॅक्टिकल होतं. तोच शब्द, फक्त माझ्या बाजूने तो कधीच वळत नाही. पण मी हे बोलले नाही, कारण मागून मुलगी इथल्या पोरांसारखं आईला मॅम म्हणत विचारत होती, “इज मॅम व्हिजिटिंग धिस वीकेंड?” व्हिजिटिंग. ती चिडून नव्हती विचारत. पाहुण्यांबद्दल विचारतात तसं विचारत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी घरमालकीणबाई खिडकीबाहेर उभ्या राहिल्या. अंतर ठेवून, हातात रुमालात गुंडाळलेला गरम ब्राउन ब्रेड. असा ब्रेड त्या अधूनमधून माझ्या खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून जायच्या. माझा चेहरा बघून म्हणाल्या, काय झालं? मी सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि समोरच्या भिंतीवर टेकल्या.

“मी पोस्टात होते,” त्या म्हणाल्या. “काउंटरवर. मला फार आवडायचं. लग्न ठरलं आणि नोकरी सोडली. तेव्हा नियमच होता तसा, सरकारी नोकरीतल्या बाईने लग्न केलं की घरी बसायचं.”

“मग तो नियम गेला ना?”

“गेला की. तेव्हा माझ्या पदरात दोन मुलं होती. परत ये असं कुणी म्हणालं नाही, मीही विचारलं नाही.” मग हसून म्हणाल्या, “पण आम्हाला निदान शिव्या घालायला सरकार होतं. तुला नाही म्हणणारं कोण आहे?”

“कुणीच नाही,” मी म्हणाले.

“मग ग्रँड आहे की,” त्या म्हणाल्या; इथे ‘सगळं ठीक’ याला ग्रँड म्हणतात. पण त्यांच्या चेहऱ्यावर ग्रँड असं काही दिसलं नाही. ब्रेड कट्ट्यावर ठेवून त्या आत गेल्या.

मला त्यांचा हेवा वाटला, आणि हेवा वाटल्याचा रागही आला. कायदा असता तर मी मोर्चा काढला असता. सासूने छळलं असतं तर माहेरी फोन केला असता. पण इथे सगळे पाठीशी उभे होते. इतके घट्ट पाठीशी उभे होते की पुढेच जावं लागेल, आणि पुढे म्हणजे घरी. मी आठवडाभर विचार केला. मुलीचं वय, तिचे पडणारे दात, नवऱ्याची खंगलेली मान, चार वर्षं. प्रत्येक बाजूने विचार केला तरी उत्तर एकच यायचं, आणि उत्तर मीच देत होते, हे सगळ्यात वाईट.

जागा नको असं मी हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये उभं राहून फोनवर सांगितलं. माझा आवाज स्वच्छ होता, वक्तृत्व स्पर्धेत असायचा तसा. पलीकडची बाई म्हणाली, नक्की ना? मी म्हणाले, नक्की. घरी कळवलं तेव्हा नवरा म्हणाला, “अगं, मी नाही म्हटलं नव्हतं हं.” खरंच नव्हतं म्हटलं. त्याचा फोन बंद करायचा राहून गेला होता, आणि मला ऐकू आलं, तो सिंक भरून भांडी घासत होता आणि शीळ वाजवत होता. वर्षभरात त्याची शीळ मी ऐकली नव्हती.

जुलैत खोली रिकामी केली. पातेलं घरमालकीणबाईंना हवं होतं, ते त्यांना दिलं. घरी आल्यावर मुलगी दोन दिवस जरा लांबूनच वागली, तिसऱ्या दिवशी मांडीत येऊन बसली, आणि त्या एका दुपारी मला वाटलं की बरोबरच केलं. तो एक दिवस मी नाकारत नाही. मग शाळा उघडली. सप्टेंबरपासून मी जवळच्या एका दवाखान्यात आठवड्यातले दोन दिवस जाते, तेही कुणी सुट्टीवर गेलं तर.

विमानं पुन्हा सुरू झाली आणि दिवाळीच्या सुमारास सासूबाई आल्या. सामानात माझ्यासाठी मिसळणाचा डबा होता. जड स्टीलचा, आत सात वाट्या, वर झाकण. त्यांच्या सासूने त्यांना असाच दिला होता, म्हणून त्यांनी तो मला हळदीकुंकू लावून, ओटीत घालून दिला. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. वाईट बाई असती तर किती सोपं झालं असतं. मग पदर खोचून त्यांनी प्रेस आवरायला घेतली. जॅमच्या बरण्या रिकाम्या झाल्या, लेबलं गरम पाण्यात भिजवून निघाली, एमचा खण पुसून कोरडा झाला. “आता कसं बायकोच्या हातचं घर वाटतंय बघ,” त्या मुलाला म्हणाल्या. तोही म्हणाला, “खरंच छान दिसतंय.” त्या बरण्या त्याने स्वतः मांडल्या होत्या, त्याचं त्याला काहीच वाटलं नाही.

परवा रविवारी मी मुलीच्या वेण्या घालत बाहेरच्या खोलीत बसले होते. नवऱ्याने हौसेने आमटी करायला घेतली. सासूबाई शेजारच्या खुर्चीत बसून त्याचं कौतुक करत होत्या. आतून तेल तापल्याचा वास आला आणि पाठोपाठ हाक आली.

“अगं, मोहरी कुठे आहे?”

वर्षभर या माणसाने डोळे मिटून मोहरी काढली होती. चार महिन्यांत ते त्याच्या हातातून गेलं. मी वेणीवरून नजरसुद्धा न उचलता म्हणाले, “डावीकडची प्रेस, मधला खण, डब्यातली पुढची वाटी.”

“मिळाली!”

मुलीने मान वळवली. माझ्या हातातली वेणी सुटली. आजीकडे बघून ती मोठ्या अभिमानाने म्हणाली, “मॅम नोज व्हेअर एव्हरीथिंग इज.”

आजीला इंग्रजी कळत नाही, पण नातीचा चेहरा बघून तीही कौतुकाने हसली. मी सुटलेले केस पुन्हा हातात घेतले आणि वेणी घालायला लागले.