नवमीला न उचललेला पाना

देवावर माझा विश्वास आहे असं मी आयुष्यभर सांगत आलो, पण खरं सांगायचं तर तो विश्वास माझ्या स्वतःच्या कानावर होता. चिखलीत माझं छोटं गॅरेज आहे. लातूरकडून आलो तेव्हा आधी चाकणच्या एका कंपनीत काही वर्षं शिफ्ट केल्या, मग हे शटर घेतलं. इंजिनाचा आवाज ऐकून दोष सांगायचा, ही माझी ख्याती. गिऱ्हाईक बोलायला लागलं की मी हात वर करायचो, म्हणजे तुम्ही थांबा, गाडीला बोलू द्या. घरी आई भवानीचे घट बसतात, नऊ दिवस मी अनवाणी असतो, पण मनात पक्कं होतं की गाडीच्या बाबतीत आईलाही काही विचारायची गरज नाही. तो माज गेल्या नवरात्रात एका जुन्या कारने उतरवला.

कार कांबळेकाकांची. काका पिंपरीतल्या एका कारखान्यात मशीनवर आयुष्य काढून रिटायर झालेले, तीन गल्ल्या सोडून राहणारे, बुद्धपौर्णिमेला न चुकता आमच्याकडे खिरीचा डबा पाठवणारे. मावशींच्या, म्हणजे त्यांच्या पत्नीच्या, किडन्या मधुमेहाने गेलेल्या. आठवड्यातून तीनदा डायलिसिस आणि त्यांची पाळी सकाळी साडेसहाची. कमरेचं ऑपरेशन झाल्यामुळे त्यांना रिक्षात बसवत नसे, म्हणून काकांनी कारच्या मागच्या सीटवर गादी घालून घेतली होती. आणि पाऊस सरल्यापासून ती कार पहाटे उठेचना. रात्रभर उभी राहिली की सकाळी सेल्फ मारल्यावर नुसते हिसके द्यायची. शेजारची माणसं ढकलून चालू करायची. दोनदा तीही मात्रा चालली नाही, पाळी हुकली आणि दुसऱ्या वेळी मावशींना दम लागून ॲडमिट करावं लागलं. आता एकही पाळी चुकवायची नाही, असं डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं.

काकांनी कार माझ्याकडे तीनदा आणली. ढकलून चालू केलेली कार माझ्या दारात येईपर्यंत तापलेली असायची, आणि तापली की एका सेल्फमध्ये उठायची. मी प्लग बदलले, कॉइल बदलली, बॅटरी तपासली. टायमिंग म्हणजे ठिणगी पडायची वेळ, तीही दिवा लावून बघितली, अगदी बरोबर होती. काका सांगत होते, "मिस्त्री, सकाळी ती उलटा हिसका देते हो." मी हात वर केला. म्हणालो, "काका, तुम्हाला चोक ओढता येत नाही." चाळीस वर्षं यंत्रांशी खेळलेल्या माणसाला मी हे म्हणालो. त्यांनी किल्ली उचलली आणि गेले. आज ते आठवलं तरी माझं मलाच कसंतरी होतं.

अष्टमीच्या संध्याकाळी काका चौथ्यांदा आले. पुढची पाळी दसऱ्याच्या सकाळी होती आणि मध्ये फक्त खंडेनवमीचा दिवस. आमच्या धंद्यात खंडेनवमीला हत्यारांची पूजा होते आणि दसरा उजाडेपर्यंत कोणी पान्यालाही हात लावत नाही. मी पाने धुऊन, पुसून, पाटावर मांडून ठेवले होते. काकांनी ते पाहिलं आणि म्हणाले, "तुमची पूजा मोडू नका. मी ॲम्ब्युलन्सचं बघतो, सणाचं कोणी येतं का ते." मी कार ठेवून जायला सांगितलं. त्यांनी ती शटरच्या आत लावली, बंद करण्याआधी सवयीप्रमाणे एक जोरदार रेस दिली आणि किल्ली काढली. जुनी माणसं हे करतातच, त्यात काही विशेष आहे असं मला वाटलं नाही.

नवमीला मी उजाडताच गॅरेजात आलो. बायकोने आदल्या रात्रीच सांगितलं होतं, "एका बाईच्या जिवापायी पाना उचलला तर आई रागावणार नाही. रागावली तर माझं नाव सांगा." तिचं म्हणणं मला पटलं होतं. मी उचलणारच होतो. पाटामागच्या आईच्या फोटोपुढे उभा राहिलो, बारा-तेराच्या पान्याकडे हात नेला, आणि माझ्या लक्षात आलं की हा पाना लावायचा कुठे हेच मला माहीत नाही. माझ्याकडे करण्यासारखं काहीच उरलं नव्हतं. इतक्या वर्षांत असं पहिल्यांदा झालं. मी कारमध्ये बसून चोक ओढला आणि किल्ली फिरवली. खट्. इंजिन अर्धं फिरलं आणि उलटं अंगावर आलं. पुन्हा तेच. काका जे सांगत होते ते मी पहिल्यांदाच ऐकत होतो, कारण ही कार गार असताना माझ्यासमोर पहिल्यांदाच उभी होती. मी स्टिअरिंगवर डोकं टेकलं आणि म्हणालो, आई, माझं संपलं, आता तूच बघ. मला रडू आलं, हे लपवत नाही.

तेवढ्यात झेंडूची पाटी घेतलेली एक म्हातारी बाई शटरच्या पायरीवर येऊन टेकली. इकडच्याच जुन्या गावातली वाटली. हार घ्या म्हणाली नाही, की पाणी मागितलं नाही. गुडघे चोळत बसली. मी विचारलं, "आजी, दुखतंय का?"

"दुखत न्हाई रं, लेकरा. सकाळच्याला आकडत्यात. रातच्याला ज्या घडीत निजले, त्या घडीतच राहत्यात. मला वाटतं उजाडलंय, पर गुडघ्यांस्नी वाटतं आजून रातच हाय. चार घरं हिंडलं की सुटत्यात, मंग काय बी न्हाई." आणि कारकडे बघून म्हणाली, "हिचं बी तसंच दिसतंय. लई पळून निजली आसंल."

मी हसलोही नाही. काकांनी काल संध्याकाळी बंद करताना दिलेली ती रेस माझ्या कानात वाजली. हे समजायला अवघड नाही. इंजिन जोरात पळतं तेव्हा ठिणगी थोडी आधी पडावी लागते. त्यासाठी डिस्ट्रिब्युटरच्या, म्हणजे ठिणगी वाटून देणाऱ्या डबीच्या, पोटात दोन छोटी वजनं असतात, वेग वाढला की ती बाहेर सरकतात, वेग उतरला की स्प्रिंग त्यांना आत ओढते. ती बाहेरच अडकून गार पडली तर? सकाळी इंजिन जेमतेम कूस बदलत असताना ठिणगी मात्र पळत्या गाडीची पडणार. मग ते उलटं अंगावर येणारच. चार धक्के खाऊन तापलं की सगळं सुटणार, आणि माझ्या दारात येईपर्यंत काही बी न्हाई.

डिस्ट्रिब्युटरची कॅप दोन क्लिपांवर असते, ती बोटांनी निघते, पाना लागत नाही. मी आतला रोटर, म्हणजे त्या वजनांबरोबर सरकणारा फिरता भाग, बोटांनी फिरवून बघितला. तो पुढे सरकलेलाच होता. मागे ढकलला तेव्हा आळसावल्यासारखा हळूहळू आला. आत बोट घातलं तर घट्ट, काळपट पिवळं वंगण हाताला लागलं. मी त्याचा वास घेतला. ते चाकांच्या बेअरिंगचं ग्रीस होतं, माझ्याच डब्यातलं. त्याच्या आदल्या वर्षी, अष्टमीच्या संध्याकाळी, सणाच्या भरात, काकांची सर्व्हिसिंगला आलेली कार समोर होती म्हणून मीच तिथे बोटभर ग्रीस फासलं होतं. तिथे पातळ तेलाचा एक थेंब पुरतो हे मला शिकाऊ असल्यापासून ठाऊक होतं. पण त्या दिवशी मला वाटलं होतं, जितकं वंगण जास्त तितकी सेवा मोठी. वर्षभरात ते धूळ पिऊन चिकट झालं होतं. मी भक्ती म्हणून जे केलं, त्यानेच मावशींचा दम कोंडला होता.

वळून बघितलं तर पायरी रिकामी होती. पायरीवर झेंडूची दोन फुलं पडली होती. नंतर बाजारात मी दोन-चार फुलवाल्यांकडे विचारलं, ते अशा कितीतरी म्हाताऱ्या येतात म्हणाले. खरंच असेल. ती कोण होती यावर मी कोणाशी वाद घालत नाही.

काका आठला आले. ॲम्ब्युलन्सचं जमलं नव्हतं, हे चेहऱ्यावरच दिसत होतं. मी एवढंच म्हणालो, "काका, मावशींची इन्शुलिनची कोरी सिरिंज द्याल का?" ते लगेच घरून घेऊन आले आणि माझ्याजवळ उभे राहिले. त्या सिरिंजने मी आत पेट्रोल सोडत राहिलो, रोटर बोटांनी मागेपुढे करत राहिलो, चिंध्यांनी काळं पाणी टिपत राहिलो. दहा-बारा वेळा तरी केलं असेल. शेवटी रोटर सोडला की टप् करून जागेवर जायला लागला. बायकोच्या शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडला. एकच. पेट्रोल उडून जाईपर्यंत थांबून किल्ली फिरवली, आणि गार इंजिन लगेच चालू झालं. पण खरी परीक्षा रात्र गेल्यावर होती. मी काकांना म्हटलं, घरी लावताना नेहमीसारखी रेस देऊनच बंद करा.

दसऱ्याला पहाटे मी त्यांच्या दारात होतो. मावशी मागे गादीवर शाल घेऊन बसल्या होत्या. काकांनी चोक ओढला, अगदी जसा ओढावा तसा, आणि किल्ली फिरवली. कार उठली. इतक्या शांतपणे उठली की इतकी वर्षं इंजिनं ऐकूनही तो आवाज मला नवा वाटला. मावशी पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "मिस्त्री, पायात चपला तरी घालायच्या. दगडं किती आहेत इथं."

मी खिडकीशी वाकून काकांना सगळं सांगितलं, दोष माझ्या हाताचा होता हेही सांगितलं. काकांनी गिअर टाकला. म्हणाले, "काल चिंधीवर ते ग्रीस बघितलं तेव्हाच कळलं मला. म्हटलं, आधी गाडी होऊ दे, मग तुम्हीच सांगाल." आणि ते पाळीच्या वेळेला निघून गेले.

मी तिथेच उभा राहिलो. आई पायरीवर आली होती की नव्हती ते ती जाणे, पण गप्प राहून मला सावरून घेणारा माणूस मी डोळ्यांनी पाहिला होता. पाना उचलायला गेलेला माझा हात त्या दिवशी रिकामा परत आला, आणि त्या रिकाम्या हातातच आईला काही ठेवता आलं. अजूनही मी गाड्यांचा आवाज ऐकतो, तो माझा धंदाच आहे. पण गिऱ्हाईक बोलायला लागलं की आता हात वर करत नाही. हातातला पाना खाली ठेवतो आणि म्हणतो, सांगा, सकाळी काय करते ती.