गुंडूअण्णांनी दगडावर काढलेला साहेब

छापखान्यात दोन गोष्टी न बोलावता साठतात, रद्दी आणि किस्से. रद्दी निदान दुकानदारांनी पुड्या बांधायला नेली. किस्से माझ्याकडेच राहिले. सांगायला लागलो की लोक हसतात, आणि मला अजूनही वाईट वाटतं.

आमचा शिळाप्रेस शहापुरात, हातमागांच्या गल्लीत. गुंडूअण्णा दगडी शिळेवर व्यंगचित्र काढायचे, मी शाईचा रूळ फिरवून छापायचो, आणि आमच्या साप्ताहिकाचे संपादक आप्पा तुरुंगात न्यायची पिशवी भरून तयार असायचे! अण्णांना एकच हवं होतं. आपलं चित्र बघून एका तरी माणसानं गोऱ्या साहेबापुढं मान ताठ करावी.

*

शिळेवर सगळं उलटं काढावं लागतं, तेव्हा कागदावर सुलटं उमटतं. अण्णांचा हात त्यात इतका बसला होता, की पहिल्या अटकेत चौकीवर जबाबाखाली त्यांनी सवयीनं उलटी सही ठोकली.

फौजदार भडकला. "सरकारची थट्टा करतोस व्हय रं?"

"न्हाय साहेब, आरशात बघा की! बरोबर हाय!"

चित्राची शिक्षा राहिली बाजूला, आरशापायी दोन दिवस जादा आत!

*

पुढं अण्णांनी दहा हातांचा साहेब काढला. एका हातात मीठ, एकात कोंबडी, एकात शेतकऱ्याची मानगूट. येळ्ळुरात अंक हातोहात खपला. अण्णा खूश! लोक काय म्हणतात ते ऐकायला आम्ही मुद्दाम चालत गेलो. एका घरात डोकावलो, तर साहेब देव्हाऱ्यात! कपाळाला कुंकू, पुढं गूळ.

"आक्का, ह्यो कोण हाय ठाऊक हाय काय?"

"असंना कुणीबी. दहा हात हाईत म्हंजी देवच की!"

तिनं आम्हाला गुळाचा प्रसादही दिला. अण्णांनी तो खाल्ला नाही आणि टाकलाही नाही. शहापूर येईपर्यंत त्यांच्या मुठीत चिकट होत राहिला.

*

व्यंगचित्रांवर पोट भरत नव्हतं, म्हणून अण्णा निपाणीच्या विडीवाल्यांसाठी लेबलं काढायचे. एका व्यापाऱ्यानं आमचा अंक पाहिला आणि मांडीवर थाप मारली.

"अण्णा, माझ्या बंडलावर ह्योच साहेब काढा! लई रुबाबदार दिसतोय!"

अण्णा आधी नाही म्हणाले. मग घरची चूल आठवली आणि हो म्हणाले. साप्ताहिक कधी निपाणीपुढं गेलं नाही, पण साहेब विडीच्या बंडलावर बसून पार बोरगावपर्यंत पोचला. माणसं त्याचं तोंड बघत निवांत धूर सोडायची. अण्णांनी त्या दिवसापासून विडी सोडली.

*

जप्तीला येणारा तोच फौजदार मात्र रसिक निघाला. अंकांचा गठ्ठा बांधता बांधता एक उघडायचा, पोट धरून हसायचा आणि हळूच कोटात घालायचा. एकदा मात्र कपाळाला आठ्या घालून म्हणाला, "ह्या खेपेला मजा न्हाय आली बघा."

अण्णा त्या दिवशी जेवले नाहीत!

मला म्हणाले, "साऱ्या मुलखात एकच माणूस माझं चित्र समजून हसतोय. आणि त्यो बी मला बेड्या घालणारा."

मी रूळ पुसत बसलो.

*

मग सत्तेचाळीसचा ऑगस्ट आला. आप्पांच्या गळ्यात सभासभांतून हार पडत होते. स्वातंत्र्याच्या खास अंकासाठी अण्णांनी चित्र काढलं. साहेब खुर्चीवरून उठून बोटीकडं निघालाय, आणि त्याच खुर्चीसाठी खादीच्या टोप्या घातलेली माणसं एकमेकांना ढकलताहेत. कोपऱ्यात एक शेतकरी मान ताठ करून त्यांना हसतोय. इतकं सुरेख चित्र अण्णांनी आधी कधी काढलं नव्हतं.

आप्पांनी शिळेवरचं चित्र वाकून पाहिलं.

"अण्णा, झकास जमलंय. पर आता आपलंच राज्य हाय न्हवं? पुसून टाका."

शिळा घासायची वाळू मी मुद्दाम लांब सरकवली. अण्णांनी हात पुढं करून ती मागून घेतली, शिळेवर पाणी ओतलं आणि घासायला लागले. निम्मी खुर्ची गेल्यावर त्यांनी वर पाहिलं.

"आप्पा, साहेबानं मला तीनदा आत टाकलं. पर पुसायला कधी न्हाय सांगितलं."