पुणतांब्याला जायची चाकं

"वन्सं, गाडीच्या चाकांना गजकर्ण झालंय का वो?" असं माझ्या मेहुण्याची बायको भाऊबिजेच्या दिवशी माझ्या बायकोला म्हणाली. तेही चार बायकांसमोर, माहेरच्या दारातच. चेष्टाच होती ती. वहिनींचा स्वभावच तसा, बोलल्या की मोकळ्या.

पण खोटं काय होतं त्यात? गाडी जुनी घेतलेली. अॅल्युमिनियमची ती फॅशनेबल अलॉय चाकं, पण वरचं लॅकर पापुद्रे धरून सुटलेलं आणि आत पांढरे चट्टे. त्यात बायकोला आठवड्यातनं दोनदा डायलिसिसला न्यायचो. तिला दोन पावलं कमी चालावं लागावं म्हणून मी गाडी दवाखान्याच्या फुटपाथला पार चिकटवून लावायचो. चाकांच्या कडा सोलून निघाल्या होत्या. मला त्याचं काही वाटत नव्हतं.

तिला वाटलं. राहात्याला आमच्या घरी पोचलो. मग म्हणाली, "आता चाकं नीट झाल्याबिगर मी पुणतांब्याला पाऊल ठेवायची न्हाई."

"अगं, वहिनीचं काय मनावर घेती?"

"तुमाला न्हाई कळायचं. आजारी माणसानं माहेरी तरी नीट जावं. नायतर समदे नुसती कीव करत्यात."

राहात्याहून पुणतांबा किती? बाजाराला जाऊन यावं इतकं जवळ. आणि ह्या बाईनं मध्ये चार चाकं आडवी घातली! माझं डोकंच फिरलं. पण तिच्या अंगातली ताकद दिवसेंदिवस कमी होत होती, हे मलाही दिसत होतं. जायचं तर लवकरच जायला हवं होतं.

नगरला एका दुकानात विचारलं. त्यानं असा काही भाव सांगितला की मी म्हटलं, "बाबा रे, रंग देतोस का सोन्याचा मुलामा?" आणि घरी आलो. उभा जन्म टेम्पो चालवला मी, चाक मला नवीन नव्हतं. घरीच करायचं ठरवलं.

डायलिसिस चुकवून चालत नव्हतं, म्हणून एका वेळी एकच चाक काढायचं आणि तिथं स्टेपनी चढवायची. साबणानं धुवायचं, मग पॉलिश पेपर पाण्यात भिजवून घासत बसायचं, आधी जाड, मग बारीक. ओरखड्यांत लांबी, म्हणजे पुट्टी, भरायची, वाळली की परत घासायची. मग प्रायमर, चंदेरी स्प्रे आणि शेवटी लॅकर. टायरवर रंग उडू नये म्हणून टायर आणि रिमच्या फटीत गोल जाड कागद खोचायचे. ते काम तिचं. आमच्याकडं जाड कागद म्हणजे लग्नपत्रिका, त्यांना काय तोटा! ओट्यावर खुर्ची टाकून ती पत्रिका कापायची आणि मोठ्यानं वाचायची. "बघा, हिचा तर दुसरा पोरगा शाळंत जातोय." गणपतीचं चित्र मात्र आधी कापून बाजूला ठेवायची. गणपती कसा चाकात खोचायचा? एका पिशवीत ती सगळे गणपती साठवत होती. म्हणायची, "पुणतांब्याला गेलो की गंगंत सोडू." गोदावरीला आमच्याकडं गंगाच म्हणतात.

दोन चाकं छान झाली. तिसऱ्याला मी ढगाळ हवेत लॅकर मारलं आणि त्यावर दुधाची साय धरल्यागत पांढरट फुटलं. सगळं परत घासायचं! मी पेपर फेकून दिला. ती म्हणाली, "फेकून चाक होतं व्हय? उचला." उचलला. त्यात आठवडा गेला.

तिसरं झालं तेव्हा तिला ओट्यापर्यंत हाताला धरून आणावं लागत होतं. मी म्हणालो, "चल, उद्या जाऊ. तीन झालीत. चौथं भिंतीकडनं लावतो, कुणाच्या बापाला दिसत न्हाई."

"मी काय चोर हाय, भिंतीकडनं तोंड लपवायला?" आवाज बारीक झाला होता, पण ठसका तोच. "चार म्हंजे चार." आणि चौथ्या चाकाचे कागद कापायला घेतले. दोन दिवस लागले तिला त्या कामाला. शेवटचा कागद कापून तिनं कात्री माझ्या हातात दिली.

चौथं चाक मी काढलंच नाही. ती दवाखान्यात, मशीनवर असतानाच गेली. गाडी बाहेर फुटपाथला चिकटून उभी होती.

सावडल्यावर अस्थी घेऊन पुणतांब्याला निघालो. दुसरीकडं कुठं नेणार होतो मी तिला? शेजारच्या सीटवर कलश, त्याच्याजवळ गणपतींची पिशवी. मेहुण्याच्या दारात गाडी लावली, तेव्हा चौथं चाक भिंतीकडं गेलं. मी ठरवून केलं नव्हतं.

वहिनी बाहेर आल्या. कलशाकडं न बघता आधी गाडीभोवती फिरल्या. गाडी आणि भिंतीमधल्या फटीत अंग चोरून शिरल्या आणि चौथ्या चाकापुढं खाली बसल्या.

"ह्ये तेवढं राहिलं, न्हाई का दाजी? फोनवर सांगायच्या मला. दोन झाली, तीन झाली." मग पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "माज्या त्या चेष्टेपायी यायच्या राहिल्या का वो त्या?"

खोटं बोलायची मला सवय नाही, रागच पटकन येतो. पण त्या भिंतीशी बसलेल्या बाईवर काय रागवायचं?

"न्हाई वहिनी," मी म्हणालो. "तब्येतीमुळं. चाकांचं आपलं सहज काढलं होतं."

त्यांना पटलं की नाही, कुणास ठाऊक. गंगेत आधी अस्थी सोडल्या, मग गणपती. रंगीत, सोनेरी चित्रं पाण्यावर पसरली आणि हळूहळू पुढं गेली. मला रडू आवरलं नाही.

चौथं चाक अजून तसंच आहे. पंक्चरवाला म्हणतो, "काका, ह्ये एकच का सोडलं?" मी त्याच्यावर खेकसतो. तिनं कापलेले कागद डिकीत आहेत. ते खोचले की चार चाकं होतील, गाडी तयार होईल, आणि न्यायला कुणीच नसेल.