नानांच्या गव्हाचं तिसरं वर्ष

शेणाचा नुसता वास घेऊन गाय सकाळी कुणाच्या बांधावर चरली हे सांगणारा माणूस अख्ख्या शिंदखेडा तालुक्यात एकच झाला, आणि तो माझ्या शेताला लागून गहू पेरायचा. गाव त्यांना नाना म्हणायचं. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला आम्ही बाकीचे युरियाची गोणी पोळ्याच्या बैलासारखी मिरवत घरी आणायचो, तेव्हा नानांनी एके दिवशी रासायनिक खत सोडलं. सोडलं म्हणजे एखाद्याने तंबाखू सोडावी तसं. दुसऱ्याच्या हाताला लागलेलंही त्यांना खपेना. बांधावर पाण्याचा तांब्या ठेवलेला असे. भेटायला सरपंच का येईना, "पयले हात धुई ले, मंग राम राम कर." शेतात शिरताना स्वतः चपला काढत. शेण, गोमूत्र आणि गूळ कालवलेल्या रांजणापाशी रोज बसून त्याची आजाऱ्यासारखी विचारपूस करत. पारावरून कोणी ओरडायचं, "नाना, गांडुळेसनं लगीन कधी शे?" नाना शांतपणे म्हणायचे, "तुले आवतन नही. तुन्हा आंगले युरियाना वास येस." बिनखताचं एक वर्ष सरलं की विहिरीवरच्या खोलीच्या दारावर खडूची एक रेघ वाढे. हात धुण्यातून सूट फक्त मला होती. "तू ते घरना माणूस," म्हणायचे.

अडचण एकच होती, गहू येत नव्हता. पहिल्या वर्षी निम्मा आला, दुसऱ्या वर्षी त्याहून कमी. तिसऱ्या वर्षी तर उगवून पुरता वर आला नाही तोच पिवळा पडला. तेव्हा त्यांच्या बायकोने, अक्कांनी, माझ्यादेखत सांगून टाकलं, "भाऊ, तू साक्षी शे. औंदा घरपुरता गहू नही उना, ते पुढला साल मी सोता युरिया फेकसू." नाना दारावरच्या रेघांकडे बघत राहिले. दोनच दिवसांनी मुलीच्या बाळंतपणासाठी दोघं चाळीसगावला गेली. गव्हाला पाणी भरायचं काम माझ्यावर सोपवून गेली.

माझ्या घरी गोणी फोडलेलीच होती. भर दुपारी, पाणी सोडण्याआधी, मी नानांच्या गव्हात युरिया फेकला. दया आली, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. खरं सांगायचं तर तो पिवळा गहू बघून मला रोज थोडं बरं वाटायचं, आणि त्या बरं वाटण्याची लाज मी मुठीमुठीने फेकत होतो.

पंधरा दिवसांनी नाना परतले तेव्हा गहू काळाभोर हिरवा झाला होता. अक्कांनी रांजणाला हळदकुंकू लावलं. नाना मात्र वाकले आणि चिमूटभर माती नाकाशी धरली. शेणावरून गाय ओळखणारा माणूस तो. त्याला काय कळायचं राहिलं होतं? "चांगला हिरवा शे," एवढंच म्हणाले. त्या वर्षी कोठी भरली, अक्कांनी युरियाचं नाव पुन्हा काढलं नाही. पारावरची मंडळी रांजणात काय काय घालता हे विचारायला आली, तर नाना म्हणाले, "आजून मालेच ठाऊक नही." सुगी झाल्यावर मी विहिरीवर गेलो. दारावर आता तीन रेघा हव्या होत्या, एकही नव्हती. दार ओल्या फडक्याने पुसलेलं होतं. पुढच्या वर्षी तिथे एक रेघ आली. नानांनी पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतलं होतं.

त्या हिवाळ्यात नातवाला बघायला ती दोघं पुन्हा चाळीसगावला निघाली, आणि पाणी भरायला नानांनी पुन्हा मलाच बोलावलं. विहिरीवरच्या खोलीची किल्ली देण्याआधी मात्र त्यांनी बांधावरचा तांब्या उचलला. "हात पुढे कर, भाऊ." स्वतः पाणी ओतलं, सावकाश, मनगटापर्यंत. मी म्हणालो, "नाना, मला एक सांगायचंय..."

"गाडी चुकी जाई," ते म्हणाले, माझ्या ओल्या हातात किल्ली ठेवली आणि चपला हातात घेऊन बांधाबांधाने चालू लागले.

नाना जाऊन बरीच वर्षं झाली. दारावर अकरा रेघा आहेत. चौदा असायला हव्या होत्या. किल्ली अक्कांनी माझ्याकडेच राहू दिली. कुलूप काढण्याआधी मी अजून हात धुतो.