लंगरच्या चुलीतली राख

आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, मी त्यांच्या शेवटच्या दिवसांत फसवलं. नऊ वर्षं हे कुणाला बोललो नाही. सकाळी पूजेला बसून गळ्यातलं इष्टलिंग तळहातावर घेतलं की पहिल्यांदा तेच आठवायचं. ज्या तोंडानं खोटं बोललो, त्या तोंडानं घेतलेलं नाव महादेवापर्यंत पोचत तरी असेल का, असं वाटायचं.

आजोबा दुसऱ्या महायुद्धात इटलीत मारले गेले. आप्पा तेव्हा आजीच्या पोटात होते. घरी फक्त तार आली. पुढं त्यांच्या देहाचं काय केलं, ते कधीच कळलं नाही. आम्ही लिंगायत. आमच्यात जाळत नाहीत. हातात लिंग देऊन, कपाळाला विभूती लावून पुरतात. पलटणीतल्या इतर हिंदूंना अग्नी दिला असणार, मग आपल्या बापालाही दिला असेल, या विचारानं आप्पा जन्मभर कुढले. लातूरच्या दवाखान्यात, जीभ जड झाल्यावरही, माझा हात धरून तेच विचारायचे, "माझ्या बापाला जाळलं असंल का रे?"

एका दुपारी मला ते ऐकवेना. खिशातली औषधांची चिठ्ठी काढली आणि सैन्याच्या कचेरीतून आलेलं पत्र म्हणून वाचून दाखवली. पुरलंय आप्पा, म्हटलं. हातात लिंग होतं. विभूती मिळाली नाही म्हणून लंगरच्या, म्हणजे सैन्याच्या स्वयंपाकाच्या, चुलीतली राख लावली. हे राखेचं कुठून सुचलं, मला आजही सांगता येत नाही. आप्पांनी डोळे मिटले. "झालं बघ," म्हणाले. तिसऱ्या दिवशी ते लिंगैक्य झाले.

यंदा त्यांच्या पुण्यतिथीच्या जेवणासाठी केळी आणायला मी अहमदपुरातून अर्धापूरला गेलो. वखारीत खाटेवर एक म्हातारे मुसलमान गृहस्थ बसले होते. माझ्या कपाळावरची विभूती पाहून त्यांनी गाव विचारलं. सांगितलं, तसे ते नीट सरसावून बसले. तुमच्याकडचा कुणी लिंगायत जवान इटलीत वारला होता का, म्हणाले, आणि त्यांनी माझ्या आजोबांचं नाव घेतलं.

माझे आजोबाच ते, मी म्हणालो.

त्यांचे वडील त्याच पलटणीच्या लंगरमध्ये होते. सगळ्यांनी लाकडं रचायला घेतली होती. आमच्या मुलखात ह्यांना जाळत नाहीत, असं सांगून वडिलांनी त्यांना थांबवलं आणि स्वतः खड्डा खणला.

"गळ्यातलं लिंग काढून हातात ठेवलं," म्हातारे सांगू लागले. "पण तिथं इभूत कुठली? अब्बांनी लंगरच्या चुलीतली राख लावली. मरेपर्यंत त्यांना तीच चुटपुट. चाललं असंल का म्हणून. कपाळावर इभूत दिसली की मी इचारतोच. चालतं का हो?"

केळीच्या पानांच्या ढिगावरच मी बसलो. ते उत्तराची वाट पाहत होते. "चालतं," म्हणालो, आणि मग माझं सगळं खोटं त्यांच्यापुढं ओतलं.

त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. "मला कशाला सांगता?" म्हणाले. "घरी सांगा. केळी काय, उद्या नेली तरी पिकतीलच."

आई तांदूळ निवडत होती. मी बोलत गेलो, तसे तिचे हात थांबले.

"नऊ वर्षं गप बसलास व्हय," म्हणाली. पुढं काही बोलेल म्हणून मी मान खाली घालून थांबलो. "त्या माणसाला जेवायला सांगितलंस का?"

सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं पुन्हा अर्धापूरला गेलो आणि त्यांना घेऊन आलो. पंगतीत आईनं त्यांना आमच्या गुरूंच्या, जंगमांच्या शेजारी बसवलं, आणि पहिली पोळी स्वतः वाढली.

माझं खोटं खोटंच होतं. ते खरं निघालं म्हणून मी सुटलो, असं मला वाटत नाही. पण आप्पांची शांती मीच एकट्यानं तोलून धरलीय, या समजुतीत मी इतकी वर्षं वाकून चाललो. माझ्या जन्माआधीच परमुलखात कुणीतरी कुदळ हातात घेतली होती. ज्यानं त्या माणसाला ती बुद्धी दिली, त्याच्यापुढं आता मी तळहात उघडा धरून बसतो. काही मागत नाही.