नव्या गेमकडून आईची एकच अपेक्षा

मंडळी, मॉन्स्टर पकडायच्या आपल्या गेमच्या नव्या भागाचा ट्रेलर आज दुपारी आला आणि मी घरभर नाचले!

इथल्या हिंदी मुलखात वाढलेला धाकटा भाऊ ओरडत होता, "दीदी, पुराने वाले मॉन्स्टर सब लौटने चाहिए!" मला नकाशा मोठा हवा होता.

तेवढ्यात आई डोकावली. ट्रेलरमधला पोरगा पहिला मॉन्स्टर घेऊन घरातून निघाला होता. त्याची आई दारातून नुसता हात हलवत होती.

"अगं, एवढ्या लांब चाललाय आणि हिने हातावर दही नाही ठेवलं?" आई खरंच चिडली.

तिची मागणी मी फॅन ग्रुपवर टाकली. आमच्याच शहरातल्या प्रेम नगरच्या एका भैयाने लगेच लिहिलं, "सही बात! मॉन्स्टर को भी मिले!"

आईला वाचून दाखवलं, तर म्हणाली, "मग! तोही घरातूनच निघालाय ना?"

ग्राफिक्स वगैरे राहू दे, आता आम्हाला दहीच हवंय. तुमच्या आईला विचारा ना, तिला काय हवंय?